पाठीवरची आई

एका नदीच्या काठी दोन तान्ही जुळी पोरं कुणीतरी टोपलीत घालून सोडून दिली होती. संध्याकाळी एक लांडगीण पाण्यावर आली. तिने त्यांना खाल्लं नाही.

*

कुकडीच्या पात्रात तेरा वर्षांपूर्वी एक लोखंडी खिळा टाकला गेला. बोटभर लांबीचा. टोकाचा अर्धा टवका उडालेला.

*

पिंपळवंडीच्या पुढे माळावर एक भिंत आहे. तिच्या अलीकडे कांदा आहे आणि पलीकडेही कांदाच आहे.

*

एका भावाला आधी सहा गिधाडं दिसली. दुसऱ्याला नंतर बारा दिसली. जिंकलं कोण?

*

शिनोलीत यंदा भात चांगला आला.

*

"ह्यो आपला न्हाई," चिमाबाई म्हणाली आणि परातीतला हात तिने बाहेर काढला.

१

जुन्नरच्या पेठेत निर्मलाचं एका शटरचं दुकान आहे. तिचे वडील देवांचे टाक घडवायचे. सगळा तालुका त्यांना नाना म्हणायचा. नाना गेल्यापासून ती घडवते. तांब्याचा नाहीतर चांदीचा पातळ पत्रा राळेवर बसवायचा, त्यावर खंडोबा उठवायचा, म्हाळसा, बाणाई उठवायच्या, आणि सगळं झाल्यावर खिळ्याच्या एकेका ठोक्याने डोळे उघडायचे. डोळे शेवटी. डोळे उघडले की तो पत्रा राहत नाही, देव होतो, आणि घडवणाऱ्याने त्याला नमस्कार करून दुसऱ्याच्या घरी पाठवून द्यायचा. नानांनी आयुष्यभर डोळे उघडले आणि सगळे दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यात गेले. घरात त्यांच्या हातचा एकही टाक उरला नाही. कुणाच्या घरी जायची वेळ आली की निर्मला आधी देव्हाऱ्याकडे बघते. लोकांना वाटतं, बाई मोठी देवभोळी आहे.

चंपाषष्ठीला सकाळी दहा वाजता दुकानासमोर एक पिकअप थांबली. गाडीतून चौतिशीतला एक माणूस उतरला. पायांत चप्पल नव्हती, कपाळाला भंडारा होता.

"निर्मलाताई तुमीच ना? मी सुनील करगळ. सोमाजीच्या वस्तीवरनं आलोय. आमच्या देव्हाऱ्यातला जोडदेव चोरीला गेलाय. त्येच्या जागी नकली ठिवलाय कुणीतरी."

"मग पोलिसांत जा. मी काय करणार?"

"आमचा बाबा त्येच म्हनतोय. पन आजी म्हनली, आधी नानाच्या पोरीला आना. दुसरं कुनी नको." सुनीलने दुकानात इकडेतिकडे पाहिलं. "बाबानं दिवे लागंपत्तुर टाइम दिलाय. तवर तुमी काय सांगितलं तर सांगितलं, न्हाईतर त्यो चौकीत जाऊन आप्पाचं नाव देनार."

"आप्पा कोण?"

"सावळाआप्पा. सावळेराम. बाबाचा भाऊ. जुळा."

निर्मलाने शटर ओढलं.

२

वस्ती म्हणजे चार घरं, मेंढरांचा एक वाडा आणि मध्ये अंगण. करगळांची मेंढरं आता वीसच राहिलीत. बाकी सगळं शेतीवर. अंगणात परात तशीच होती. चिंचेच्या पाण्यात सहा टाक बुडालेले. परातीच्या बाजूला भिंतीला टेकून चिमाबाई बसली होती. वय ब्याऐंशी. डोळ्यांना उजेड तेवढा कळायचा, माणूस कळायचं नाही.

सुनीलचा बाप सोमाजी उभा होता. त्रेसष्टीचा उंच गडी. त्याने मूठ उघडली.

"हा बघा. तुमी टाकवाल्या. कुनी घडवला तेवढं सांगा. चोराचं नाव मला ठावं हाय, पुरावा पायजे."

रुपयाएवढा गोल तांब्याचा टाक होता. त्यावर मान वळवून उभी असलेली लांडगी, तिच्या पोटाखाली दोन पोरं, वर दोन चांदण्या. मागची बाजू मेणाने सपाट भरलेली.

"खरा कसा होता?"

"असाच. पन पाठीवर आई व्हती. डोक्याला टोप घातलेली बाई. आमी तिला पाठीवरची आई म्हनायचो."

"तुम्ही शेवटची कधी पाहिली?"

सोमाजीने टाक तळहातावर उलटा केला. मग म्हणाला, "ल्हान असताना. जोडदेवाची आंघोळ घरातल्या थोरल्या बाईच्या हातची. बापयानं हात लावायचा न्हाई. वरसातनं एकदा, आजच्या दिशी. बाकी येळंला त्यो तोंड करून उभा असतो, आमी फुलं वाहतो." त्याने आईकडे पाहिलं. "आज आईनं आंगठा फिरवला आन् म्हनली, आई गेली."

"आणि सावळाआप्पांचं नाव का घेता?"

"त्येला देव पायजे व्हता. वायला निगाला तवा नवं टाक करून घेतले, आन् म्हनला, माझं देव थोरल्या देवाला भेटवू द्या. भेट झाल्याबिगर नवं देव जागं व्हत न्हाईत. म्या म्हनलं, न्हाई." सोमाजीचा आवाज चढला. "काल सांजच्याला ष्ट्यांडवर त्येच्यासारखा मानूस दिसला म्हनत्यात."

"कोण म्हणतं?"

"लोकं म्हनत्यात की!"

निर्मला टाक उन्हात घेऊन गेली. लांडगीच्या डोळ्यावर तिने भिंग धरलं. ठिपका पूर्ण गोल नव्हता. अर्ध्या चंद्रासारखा होता. दोन्ही पोरांचे डोळेही तसेच.

तिने भिंग खाली ठेवलं.

"काय घावलं का?" सोमाजीने विचारलं.

"अजून नाही," ती खोटं बोलली.

३

सुनीलला तिने गाडीपाशी गाठलं.

"तुमच्याकडे जोडदेवाचा फोटो आहे?"

तो चपापला. "कुनी सांगितलं?"

"सगळ्यांकडे असतो. दाखवा."

त्याने फोन काढला. बोट सरकवत बराच मागे गेला. "बाबाला सांगू नगा, ताई. लॉकडाऊनमधी काढला व्हता. गुरुजी म्हनलं व्हतं, ही परदेशातली चीज हाय, म्हनून नेटवर टाकला. गेल्या हप्त्यात पुण्यावरनं एक मानूस आला, नाणी जमवतो म्हनला. म्या त्येला वस्तीवर पाय ठिवू दिला न्हाई. आईशप्पथ. पन आता वाटतंय, त्यानंच..."

"तो देव्हाऱ्यापर्यंत गेला?"

"न्हाई. हितंच, गाडीपाशी. च्या बी न्हाई पाजला."

निर्मलाने फोटो मोठा केला. चार वर्षांपूर्वीची तारीख. लांडगीचा डोळा पडदाभर झाला. तोच अर्धा चंद्र. तिने फोन परत दिला आणि बराच वेळ कांद्याच्या वाफ्यांकडे बघत राहिली. वाफ्यांच्या मधून ती भिंत गेली होती. मांडीपेक्षा थोडी उंच. तिच्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती.

"ही भिंत कशाची?"

"हिच्यापायीच तर सगळं झालं," सुनील म्हणाला. "इचारा गुरुजींना. त्येंनीच ती गोष्ट सांगितली व्हती."

४

दादाभाऊ गुरुजी निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. गुडघ्याचं दुखणं वाढलेलं, म्हणून खाटेवर पाय लांब करून बसले होते. मागे खुंटीला एक रिकामी कापडी पिशवी. जोडदेव चोरीला गेल्याचं निर्मलाने सांगताच त्यांनी विचारलं, "चिमाबाई बरी आहे ना?"

चोरीची बातमी ऐकणारा माणूस आधी चोर विचारतो. निर्मलाने ते मनात ठेवलं.

"गुरुजी, तुमची ती गोष्ट काय होती?"

ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "बहात्तर साल. मी बावीस वर्षांचा, नवा मास्तर. हे दोघे अकरा वर्षांचे. एक दिवस हट्ट करून देव शाळेत घेऊन आले. आईने फडक्यात बांधून दिला होता. मी बघितलं आणि उडालोच. अहो, तो टाक नव्हता. नाणं होतं. रोमचं. वर नाणेघाट आहे, लेण्यांत यवनांच्या दानाचे लेख आहेत. कुठल्या व्यापाऱ्याच्या हातून पडलं, कुठल्या मेंढपाळाला सापडलं, देव जाणे. मेंढपाळाने लांडगी बघितली, दोन पोरं बघितली आणि देव्हाऱ्यात ठेवलं. धनगर माणूस कळपात लांडग्याचाही वाटा मानतो. त्याला ती बरोबर कळली."

"आणि तुम्ही मुलांना खरं सांगितलं."

"सांगितलं. दुष्ट राजाने जुळी पोरं नदीत सोडली. लांडगीने पाजलं. एका मेंढपाळाने वाढवलं. हे ऐकताना दोघे असे चिकटून बसले होते! मोठे झाल्यावर दोघांना शहर वसवायचं होतं. पण जुळे. थोरला कोण, हे कुणालाच माहीत नाही. मग ठरलं, आकाशात ज्याला पक्षी दिसतील त्याचं शहर. एकाला सहा गिधाडं आधी दिसली, दुसऱ्याला बारा, पण नंतर. दोघंही म्हणाले, मी जिंकलो. तेवढ्यात सोमाजी उभा राहिला आणि म्हणाला, आमच्यात म्या थोरला, आईनं मला काळा दोरा बांधला व्हता. सावळा म्हणाला, मंग तू बारा घे, मला सहा दे."

गुरुजी थांबले.

"तिथे थांबायला हवं होतं मला. पण मास्तर थांबतो होय? मी पुढचं सांगितलं. एकाने नांगराने शहराची हद्द आखली, भिंत घातली. दुसरा हसला, ही कसली भिंत, म्हणून उडी मारून आत आला. पहिल्याने त्याला तिथेच ठार केलं. आणि शहराला मारणाऱ्याचं नाव पडलं."

"इथेही तसंच झालं?"

"पंच्याऐंशी साली त्यांनी मेंढरं कमी केली, माळावर घरं बांधायचं ठरलं. सोमाजीने नांगराचा तास ओढला, सावळ्याने बैल हाकले. नाव पडलं सोमाजीची वस्ती. वीस वर्षं कुणी काही म्हटलं नाही. मग त्याच तासावर सोमाजीने भिंत घातली, वाटणीची. सावळा हसला. 'हिला तर माझं कोकरू बी वलांडंल.' आणि मारली उडी. सोमाजीच्या हातात काठी होती." गुरुजींनी कपाळाला बोट लावलं. "इथे. पांढरं हाड दिसलं म्हणतात. चार दिवसांनी तो बायकोच्या गावी गेला, शिनोलीला. एकोणीस वर्षं झाली."

"तुम्ही त्यांना भेटता?"

"हल्ली नाही. तीन रविवार बाजारात बसून राहिलो..." ते बोलता बोलता थबकले. "गुडघ्याचं तेल घ्यायला."

"तीन रविवार? तेल मिळालं नाही?"

गुरुजींनी खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "त्याचा फोन लागत नाही," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

५

नाना गेले तेव्हा त्यांचा डोळ्याचा खिळा, अर्धा टवका उडालेला, अर्धाच चंद्र उमटवणारा, निर्मलानेच त्यांच्या अस्थींबरोबर कुकडीत सोडला होता. त्या खिळ्याचा ठिपका तेरा वर्षांत नव्याने कुठे उमटणं शक्य नव्हतं.

६

म्हणजे काल रात्री काही घडलंच नव्हतं. काल कोण ष्टँडवर दिसलं, पुण्याचा माणूस कुठवर आला, देव्हाऱ्याची कडी कुणी काढली, सगळे प्रश्न फुकट होते. नकली देव निदान तेरा वर्षं त्या घरात उभा होता. तेरा चंपाषष्ठ्या. आणि दर चंपाषष्ठीला एकच अंगठा त्याच्या पाठीवरून फिरत होता.

तो अंगठा तेरा वर्षं गप्प का बसला? आणि आजच का बोलला?

निर्मला वस्तीवर परत आली तेव्हा दुपार कलत होती. सोमाजी पांढरा सदरा घालून तयार बसला होता. चौकीत जायचा सदरा.

"मला वाटीभर कढत पाणी द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"पाठ बघायचीय."

ओसरीच्या कोपऱ्यात बसून तिने टाक पाण्यात धरला. मेण मऊ झालं. तिने सुईने ते थराथराने उकललं. पिवळं मेण, भंडाऱ्याची पूड, आणि मेणात रुतलेलं काहीतरी टणक, टोकदार. एक काढलं. मग दुसरं. जसजशी खोल गेली तसतसे ते जुने, काळपट होत गेले. तिने ते एका रेषेत फडक्यावर मांडले.

तांदूळ होते. अठरा.

पिंपळवंडीच्या माळावर कांदा होतो, ऊस होतो, बाजरी होते. भात होत नाही. भात होतो वर, घोडेगावच्या पुढे, पावसाच्या पट्ट्यात. शिनोलीला.

सावळाआप्पाला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्यानंतर अठरा नवे तांदूळ आले होते. यंदाचा आला नव्हता.

निर्मलाने फडकं मिटलं आणि अंगणात चिमाबाईजवळ जाऊन बसली.

७

"आजी."

"घावलं का गं?" चिमाबाईने मान वळवली नाही.

"अठरा आहेत."

मेंढरांच्या वाड्यात एक कोकरू ओरडलं, म्हातारीने कान तिकडे दिला, ते शांत होईपर्यंत थांबली.

"तुझा बाप लई बोलायचा न्हाई," ती शेवटी म्हणाली. "सावळा निगायच्या आदल्या दिशी म्या जुन्नरला ग्येले. देव पुढ्यात ठिवला, म्हनलं, असाच दुसरा कर, सांजच्याला न्ह्यायचाय. त्यानं केला. मंग इचारलं, पाठीचं काय करू? म्या म्हनलं, पाठ कोन बघतंय. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् म्हनला, बाई, पाठीत मेन भरा, हाताला जड लागंल. म्हंजी त्येला समजलं व्हतं. पन इचारलं न्हाई."

निर्मलाला दुकानातला तो कोपरा दिसला. राळेचा वास आला. त्या वर्षी ती सासरी होती. त्या संध्याकाळी नाना कुणाशीच काही बोलले नसतील.

"खरा देव सावळाआप्पांना दिला."

"मंग? ह्याला घर ऱ्हायलं, जमीन ऱ्हायली, म्या ऱ्हायले. जो उघड्यावर ग्येला त्येच्यासंगं आई नको जायला?" तिने परातीतल्या पाण्यात बोटं बुडवली. "दर सालाला नवा तांदूळ पाठवितो. वंजळभर. बाजारात गुरुजीच्या हातात देतो, गुरुजी माझ्या. त्येचा भात करून म्या एकली खाती. एक दाना पाठीवर ठिवती, आईच्या जागी."

"आणि यंदा आला नाही."

"गुरुजी म्हनला, फोन बंद. तीन आइतवार ग्येले. माझं पोर हाय का न्हाई, मला कोन सांगनार? सोमाला म्या तीनदा म्हनलं, शिनोलीला जाऊन ये. तिन्ही येळंला ताटावरनं उठला." म्हातारीने तोंड निर्मलाकडे केलं. डोळे कोरडे होते. "भावाला भेटाया न्हाई जायचा त्यो. चोराला धराया जाईल."

"पण आजी, सोमाजी चौकीत गेले असते तर? आप्पांना पोलिसांनी नेलं असतं."

"म्हनून तर तुला बोलीवली. म्हनलं, बापाचा हात पोरगी वळखंल. आन् वळखून गप ऱ्हाईल." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ऱ्हाशील न्हवं?"

ओसरीवरून सोमाजीचा आवाज आला, "ताई, ऊन उतरलं. सांगताय का जाऊ?"

निर्मला उठली.

"खरा देव शिनोलीला आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

सोमाजीने मांडीवर थाप मारली. "म्या काय म्हनत व्हतो! सुनील, गाडी काड. चौकी."

"चौकी नाही. पोलिसांनी पाठीवरची आई कधी पाहिली आहे? ओळखणार कोण? तुमच्याशिवाय कुणी नाही. आधी शिनोलीला चला. देव ओळखा. मग हवं तर मी स्वतः तुमच्याबरोबर चौकीत येते."

सोमाजी आईकडे बघत राहिला. चिमाबाई टाक पुसत होती, एकेक, सावकाश. तिने त्याच्याकडे तोंड केलं नाही.

८

नारायणगाव गेलं, मंचर गेलं. पिकअपमध्ये तिघं. सुनील चालवत होता. सोमाजी खिडकीला, तोंड घट्ट मिटून. निर्मला मध्ये, मांडीवर फडकं.

मंचरच्या पुढे उसाच्या गाड्या मागे पडल्या आणि तिने सांगायला सुरुवात केली. खिळ्याचं सांगितलं. कुकडीचं सांगितलं. सुनीलच्या फोनमधल्या चार वर्षांपूर्वीच्या डोळ्याचं सांगितलं, तेव्हा सुनीलने गाडी जरा जास्तच सरळ धरली. मग तिने फडकं उलगडलं.

"हे पाठीत होते. मेणात. सगळ्यात तळाचा सगळ्यात जुना. दर वर्षी एक. मेण भरणारा हात घरातलाच होता."

सोमाजीने तांदळांकडे पाहिलं. हात लावला नाही. बाहेर बघू लागला. निर्मलाला वाटलं, आता म्हणेल गाडी फिरव. आई खोटं बोलली, एकोणीस वर्षं नकली देवाला फुलं वाहायला लावली. म्हटलं असतं तर त्यात त्याचं काय चुकलं असतं?

घोडेगावच्या वळणावर तो म्हणाला, "किती म्हनला?"

"अठरा."

त्याने बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला.

"मंग औंदाचा?"

"यंदाचा आला नाही. फोनही बंद आहे. म्हणून आजी आज बोलल्या."

सोमाजीचा हात दाराच्या मुठीवर होता.

"सुनील," तो म्हणाला, "जोरात हान."

९

शिनोलीतलं घर रस्त्यापासून आत होतं. अंगणात भाताच्या पेंढ्याची गंजी. सुनीलने हॉर्न वाजवला. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवला. घराचं दार उघडं होतं आणि आत अंधार होता.

सोमाजी उतरला. अंगणाच्या मध्यापर्यंत भरभर गेला आणि तिथून पाय ओढत.

मग आतून एक बाई बाहेर आली, हाताला पीठ लागलेलं. प्रयागबाई, सावळेरामची बायको. तिने सोमाजीला बघितलं, डोक्यावर पदर घेतला आणि एकदम रडायलाच लागली. सोमाजीने डोळे मिटले.

"अगं कोन हाय?" आतून आवाज आला. "रडायला काय झालं? कुनी मेलं का काय?"

सोमाजीने डोळे उघडले.

आत खाटेवर सावळेराम पडला होता. तेच नाक, तीच उंची, कपाळावर पांढरा आडवा व्रण. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

"हिरड्याच्या झाडावरनं पडले," प्रयागबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "महिना झाला. फोन बी त्येंच्यासंगंच पडला, दगडावर. भातकापनी, दवाखाना, म्या एकली. बाजाराला जायला कुनी न्हाई. आत्यांचा तांदूळ तसाच बांधून ठिवलाय." कोपऱ्यात खुंटीला एक छोटी पुरचुंडी लटकत होती. तिच्या शेजारच्या फळीवर देव मांडलेले. नवे टाक, आणि मध्ये एक काळं, झिजलेलं, गोल नाणं.

सोमाजी उंबऱ्याशी आला आणि थांबला. पायातल्या चपला त्याने काढल्या होत्या. पण पाय पुढे पडेना. उंबरा चार बोटं उंच होता. अलीकडे एक भाऊ आणि पलीकडे दुसरा, आणि मध्ये ते चार बोटांचं लाकूड.

गंजीवर एक कोंबडी चढली आणि उतरली.

सावळेरामने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं. "काय बघतो राव?" तो म्हणाला. "मार की उडी."

सोमाजीच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसू होतं की काय होतं, निर्मलाला शेवटपर्यंत कळलं नाही. मग त्याने पाय उचलला.

तो भावाकडे गेला नाही. आधी फळीकडे गेला. नाण्याला हात लावायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "बापयानं हात लावायचा न्हाई," तो पुटपुटला.

"लाव," सावळेराम म्हणाला. "इथं थोरली बाई न्हाई कुनी. तिचं राज्य तिकडं."

सोमाजीने नाणं उचललं आणि पाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. टोप घातलेली ती बाई जवळजवळ झिजून गेली होती. नाकाची रेषा तेवढी शिल्लक होती, आणि ती त्याच्या अंगठ्याला बरोबर सापडली असावी, कारण तो मटकन खाटेच्या कडेला बसला.

"ही घिऊन जा," सावळेराम म्हणाला. "आईची हाय."

"नगं." सोमाजीने नाणं फळीवर परत ठेवलं. "ऱ्हाऊ दे हितं. ताई, त्यो आमचा द्या."

निर्मलाने नानांनी घडवलेला टाक त्याच्या हातावर ठेवला. पाठ रिकामी, पातळ, मेण निघालेलं. सोमाजीने तो नाण्याला टेकवून उभा केला. मग एकेक करत सावळेरामचे नवे टाक, एकोणीस वर्षं शेजारी उभे राहूनही न भेटवलेले, त्यांना चिकटून लावले. धातूला धातू लागल्याचा बारीक आवाज झाला. प्रयागबाईने भंडाऱ्याची वाटी आणली.

दाराच्या उजेडात नानांचे सहा अर्धे चंद्र चमकत होते, लांडगीचे दोन, पोरांचे दोन-दोन. निर्मला त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिला कुणी आत बोलावलं नाही आणि तिला त्याची गरजही वाटली नाही.

"महिनाभर पडून हायस," मागे सोमाजी म्हणत होता, "सांगाया काय झालं व्हतं?"

"कुनाला सांगू? भित्तीला?"

"भित्तीवर आता गोधड्या वाळवत्यात."

"मंग कामाची निगाली म्हनायची."

निघताना प्रयागबाईने खुंटीवरची पुरचुंडी काढून सोमाजीच्या हातात दिली. परतीच्या वाटेवर त्याने ती मांडीवर धरली होती, दोन्ही हातांनी, आणि दर खड्ड्याला सुनीलवर ओरडत होता, हळू हाण, सांडंल.

१९६१ च्या माघात, ओतूरच्या माळावर, चिमाबाई मेंढवाड्याबाहेर एकटीच बाळंत झाली; ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पोर रडत होतं, आधी कोणतं झालं ते तिने पाहिलं नव्हतं, आणि काळा दोरा तिने उजव्या हाताला जे होतं त्याच्या मनगटाला बांधला.